सहा आकडे आणि गप्प बसलेला रेडिओ

आज सहा आकड्यांची गोष्ट.

टेक्सासमध्ये आम्ही डॅलस काउंटीतून शेजारच्या कॉलिन काउंटीत राहायला गेलो. वेदर रेडिओ सोबत नेला, प्लगला लावला आणि विसरलो. एका रात्री बाहेर टोर्नाडोचे भोंगे वाजू लागले. मुलांना उचलून बाथरूममध्ये बसलो. रेडिओ मात्र गप्प! वादळ बाजूनं गेलं, म्हणून आज बोलतोय.

रेडिओ बिघडला नव्हता. त्यात अजून ०४८११३ होतं. पहिलं शून्य म्हणजे अख्खी काउंटी, ४८ म्हणजे टेक्सास, ११३ म्हणजे डॅलस. कॉलिनला हवं ०४८०८५. इशाऱ्याआधी तीनदा खरखर ऐकू येते ना, त्यात हेच कोड असतात. जुळला तर रेडिओ जागा होतो, नाहीतर झोपलेलाच. बिचारा जुन्या घराची राखण करत होता!

तेव्हा घर बदललंत, की बँकेतल्या पत्त्याबरोबर हा कोडही बदला. जमलं तर पश्चिमेकडच्या काउंटीचाही टाका. आमच्याकडे ती डेंटन, ०४८१२१. वादळं बहुतेक वेळा तिकडूनच येतात. मी टाकलाय. तुम्ही आजच तपासा.