चार किलोचा लांडगा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आज बोलायचं आहे ते कुत्र्याच्या पोटाविषयी. कविता लिहिणाऱ्या माणसाला हा विषय कुठून सुचला, असं काहींना वाटेल. मी मुसलमान आहे म्हणून काहींना जरा जास्तच नवल वाटेल. कुत्रा घरात ठेवावा की नाही यावर आमच्याकडे वाद चालतात, ते चालू देत. पण तहानेनं व्याकूळ झालेल्या कुत्र्याला विहिरीत उतरून, जोड्यात पाणी भरून आणून पाजणाऱ्या माणसाला अल्लानं माफ केलं, ही हदीसमधली गोष्ट मी लहानपणीच ऐकली. त्या माणसाचं मोठेपण नुसत्या दयेत नाही. समोरच्या मुक्या जिवाला नेमकं काय हवं आहे, हे त्यानं ओळखलं. आपल्याला जे द्यावंसं वाटतं ते देणं वेगळं आणि त्याला जे सोसेल ते देणं वेगळं. आजचं सारं बोलणं या एवढ्याशा फरकाबद्दल आहे.

आपल्या मुंबईला कुत्र्यांचा लळा जुनाच. १८३२ साली मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून कोटातल्या पारशी मंडळींनी दंगा केला होता. पुढं त्याच समाजातल्या दिनशा माणकजी पेटिट यांनी परळच्या जनावरांच्या इस्पितळासाठी हात सैल सोडला. इस्पितळाला त्यांच्या पत्नी साकरबाईंचं नाव मिळालं, पण गिरणगावानं त्याला 'बैलघोडा हॉस्पिटल'च म्हटलं. १८८६ साली परळलाच पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. आता रस्त्यावर बैल नाहीत आणि घोडेही नाहीत. आता परळला मांडीवर बसून येतात ती पॉमेरेनियन, पग आणि शित्झू.

ही लहान कुत्री आपल्याकडे वाढली त्याचीही एक गंमत आहे. १९९४ साली 'हम आपके हैं कौन' आला आणि त्यातल्या टफीमुळे पांढऱ्या केसाळ कुत्र्याची हौस चाळीचाळीत शिरली. २००३ च्या सुमारास मोबाईलच्या जाहिरातीतला पग मुलामागून चालत आला. मग गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले, आणि त्यांतल्या छोट्या फ्लॅटमध्ये शित्झू आले.

चाळीतला कुत्रा काय खायचा? दूध-पाव, वरणभात, रविवारी मटणाचं हाड. हे काही आदर्श खाणं नव्हतं. पुष्कळ कुत्र्यांना दूध बाधायचं आणि हाड तर कितीकांच्या घशात अडकायचं. आता वाऱ्याची दिशा अगदी उलटी झाली आहे. कुत्रा मुळात लांडगा, तेव्हा त्याला कच्चं मांस, कच्ची कलेजी, कच्ची हाडंच द्यावीत, असं पुष्कळ लोक मानू लागले आहेत. या विचाराला हवा दिली इयन बिलिंगहर्स्ट या ऑस्ट्रेलियन पशुवैद्यानं, १९९३ साली लिहिलेल्या पुस्तकातून. आता गोठवलेल्या कच्च्या मांसाचे डबे आपल्याकडेही घरपोच येतात.

आमच्या गिरगावच्या चाळीत लहानाची मोठी झालेली एक मुलगी लग्नानंतर लालबागच्या टॉवरमध्ये राहायला गेली. मला ती चाचा म्हणते. तिची शित्झू आहे, चिकू. वजन साडेचार किलो. चिकूला असे डबे सुरू झाले. पहिले काही आठवडे सगळं छान होतं. केस चकचकीत, शी घट्ट. मग पावसाळ्यातल्या एका रविवारी मटण साफ करताना निघालेली चरबीही तिच्या ताटलीत पडली. रात्री उलट्या सुरू झाल्या. पहाटे पातळ शी झाली, तिच्यात रक्ताचे धागे. सकाळी फोन आला, "चाचा, ही विचित्रच बसतेय हो. पुढून वाकलीय आणि मागून उभी आहे."

आम्ही टॅक्सी करून परळ गाठलं. डॉक्टरीणबाईंनी पाहताक्षणी विचारलं, "काल तेलकट-तुपकट काही खाल्लं का?" पुढचे पाय पसरून छाती जमिनीला आणि मागचा भाग वर, या बसण्याला इंग्रजीत प्रार्थनेची मुद्रा म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. एरवी मला कवी म्हणून हा शब्द आवडला असता. पण कुत्रा असा वाकतो तो पोटातल्या कळांनी. चिकूच्या स्वादुपिंडाला सूज आली होती. चार दिवस सलाईन, इंजेक्शनं. पाचव्या दिवशी तिनं दोन चमचे पेज चाटली, तेव्हा त्या मुलीला रडू फुटलं.

त्या चार दिवसांत मी डॉक्टरीणबाईंना पुष्कळ प्रश्न विचारले, नंतर वाचलंही. ते असं.

पहिली गोष्ट लांडग्याची. २०१३ साली स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की पिष्ट पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात चारापासून तीसपर्यंत. माणसाच्या चुलीजवळ हजारो वर्षं राहून कुत्र्याचं पोट बदललं आहे. भात-पोळी त्याला परकी नाही.

दुसरी गोष्ट चरबीची. एकाएकी खूप चरबी पोटात गेली की स्वादुपिंड बिघडू शकतं, आणि काही लहान जातींत हा धोका जास्त असतो. चरबी शिजवली म्हणून हा धोका टळत नाही. तीस किलोच्या कुत्र्याला मूठभर चरबी कदाचित पचेल. चार किलोच्या कुत्र्याला तीच मूठ म्हणजे आख्खं जेवण.

तिसरी गोष्ट जंतूंची. कच्च्या कोंबडीत साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू असू शकतात. फ्रीजरमध्ये ते सगळे मरत नाहीत, पुष्कळसे नुसते झोपतात. ओट्यावर डबा वितळायला ठेवला की, त्यातून मुंबईचा दमट पावसाळा असला की, ते पुन्हा जागे होतात. कुत्रा ठणठणीत दिसत असला तरी त्याच्या शीतून हे जंतू घरात पसरू शकतात. म्हणून अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेनं २०१२ सालीच कच्चं मांस देऊ नये असा ठराव केला.

चौथी गोष्ट हाडांची. लहान कुत्र्याची अन्ननलिका अरुंद असते. कोंबडीची मान किंवा नळीचा तुकडा तिथं अडकला तर जिवावर बेततं. शिजवलेलं हाड तर टोकदार फुटतं. हाडांचा चुरा जास्त झाला तर शी पांढरी, खडूसारखी होते आणि बिचारं कुंथत बसतं. उलट हाडांशिवाय नुसतं मांस दिलं तर फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नाममात्र, अशानं वाढत्या पिल्लाची हाडं ठिसूळ होतात.

कच्चं खाणारा प्रत्येक कुत्रा आजारी पडतो असं मी म्हणणार नाही. पण लहान कुत्र्याकडे चूक पचवायला जागाच नसते. एका दिवसाच्या उलटी-जुलाबानं त्याच्या अंगातलं पाणी आटतं. पिल्लू असेल तर रक्तातली साखर उतरून ते थरथरू लागतं, गळून पडतं. तेव्हा 'उद्या बघू' म्हणू नये. उलट्या थांबत नसतील, शीत रक्त असेल, पोट ताणलेलं असेल, हिरड्या कोरड्या नाहीतर फिकट असतील, तर ताबडतोब डॉक्टर गाठावा. आणि आपल्या डब्यातली तापाची-दुखण्याची गोळी त्याला चुकूनही देऊ नये. ती त्याला विष ठरू शकते.

आता आमच्या मोहल्ल्यासाठी दोन शब्द. बकरी ईदला फुप्फुस, कलेजीचा खराब भाग, वजडी हे सगळं गल्लीतल्या कुत्र्यांपुढं टाकायची सवय आहे. हेतू चांगला असतो. पण बकऱ्या-मेंढ्यांच्या काळजात आणि फुप्फुसात कधी कधी पाण्याचे फुगे असतात, त्यांत फितकृमीची पिल्लं असतात. ती कच्ची खाल्ली की कुत्र्याच्या आतड्यात कृमी होतात, आणि त्याच्या विष्ठेतली अंडी माणसाच्या पोटात गेली तर माणसाच्या काळजात तसेच फुगे धरतात. असा भाग पुरावा किंवा जाळावा. कुत्र्याला घालायचंच तर फुगे नसलेलं, चांगलं उकळलेलं मांस घालावं.

मग लहान कुत्र्याला द्यावं काय? पोट बिघडून सावरलेल्याला डॉक्टरांच्या सल्ल्यानं काही दिवस उकडलेली, बिनकातडीची, बिनहाडाची कोंबडी आणि मऊ भात. मीठ-मसाला नाही, कांदा-लसूण तर मुळीच नाही, त्यानं कुत्र्याचं रक्त कमी होतं. पण कोंबडी-भात हे कायमचं जेवण नव्हे. २०१३ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी घरगुती खाण्याच्या २०० कृती तपासल्या. त्यांतल्या ९५ टक्के कृतींत एक ना एक पोषक घटक अपुरा निघाला. तेव्हा रोजचं खाणं पशुवैद्याकडून ठरवून घ्यावं, नाहीतर चांगलं तयार खाद्य द्यावं. खाणं बदलायचं तर आठ-दहा दिवसांत थोडं थोडं करत बदलावं.

शेवटी एक सांगायचं राहिलं. चिकूला घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं होतं, "घरात तान्हं बाळ, म्हातारं, आजारी कुणी आहे का?" त्या मुलीच्या सासूबाईंची तेव्हा किमोथेरपी चालू होती. अशा माणसाला साधा जुलाबही जिवावरचा होऊ शकतो. चिकूची ताटली आणि सासूबाईंची पेजेची वाटी एकाच सिंकमध्ये धुतली जात होती. सुदैवानं काही झालं नाही. त्याच संध्याकाळी फ्रीजर रिकामा झाला.

मुंबईच्या घरात वेगळं स्वयंपाकघर नसतं, वेगळा कोपराही नसतो. माणूस आणि जनावर एकाच दहा बाय दहात नांदतात. एकाच्या ताटातलं दुसऱ्याच्या पोटापर्यंत पोचतंच. म्हणून दोघांचंही अन्न चुलीवर चढवावं. दहा मिनिटांचा गॅस जळेल, एवढंच.