पंचविशीतलं 'ग्रेटेस्ट हिट्स'

आज जरा वेगळ्या गाण्यांबद्दल बोलू या. तुमच्यापैकी जे ऐंशीच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत आले, किंवा ज्यांचं शाळेचं वय इथेच गेलं, त्यांना डेबी गिब्सन नक्की आठवत असेल. काळी हॅट घातलेली, पियानोवर बसून गाणारी लाँग आयलंडची मुलगी.

१९८८ साली तिचं 'फूलिश बीट' बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. शब्द तिचे, चाल तिची, आवाज तिचा आणि निर्मितीही तिचीच. तेव्हा ती सतरा वर्षांची होती आणि हायस्कूलमधून पास होत होती. पुढच्या वर्षी 'लॉस्ट इन युअर आइज' हे गाणं आणि 'इलेक्ट्रिक यूथ' हा अल्बम, दोन्ही पहिल्या क्रमांकावर पोचले. सगळा व्यवहार तिची आई, डायान, सांभाळायची.

मग वारं बदललं. नंतरचे अल्बम तितके चालले नाहीत, अटलांटिक कंपनीशी असलेलं नातं संपलं, आणि १९९५ साली त्याच कंपनीनं तिचा 'ग्रेटेस्ट हिट्स' अल्बम बाजारात आणला. त्या वर्षी ती पंचवीस वर्षांची झाली. विचार करा, आपली मुलं ज्या वयात पहिल्या नोकरीत रुळत असतात, त्या वयात हिच्या 'सर्वोत्तम' कामाची यादी छापून मोकळी!

माझ्यातला एमबीएवाला इथे जागा होतो. असा अल्बम कंपनीला स्वस्तात पडतो. स्टुडिओचा खर्च नाही, नवी गाणी नाहीत, मूळ ध्वनिमुद्रणं कपाटात तयारच. आपल्याकडे एचएमव्हीनं जुनी गाणी एकत्र करून कॅसेटी काढल्या, तोच हिशेब.

पण हाच हिशेब डेबीच्या बाजूनं मांडला की चित्र पालटतं. प्रत्येक गाण्यात दोन मालमत्ता असतात: एक ध्वनिमुद्रण, दुसरी रचना. ध्वनिमुद्रण सहसा कंपनीकडे असतं. रचनेचे पैसे मात्र लिहिणाऱ्याला आणि प्रकाशकाला मिळतात. अमेरिकेत एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं, तर कायद्यानं गायकाला एक पैही मिळत नाही. जे काही मिळतं ते रचनाकाराच्या आणि प्रकाशकाच्या वाट्याला जातं. डेबीच्या त्याच काळातली, तिच्याशी जिची सतत तुलना व्हायची ती टिफनी. १९८७ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेलं तिचं 'आय थिंक वी आर अलोन नाऊ' हे १९६७ चं, दुसऱ्याचं गाणं होतं. ते रेडिओवर लागतं तेव्हा आवाज टिफनीचा, पण पैसे दुसरीकडे जातात. डेबीची गाजलेली गाणी तिनं स्वतः लिहिलेली होती. कंपनी सुटली, वय सरलं, तरी तिचं लेखन तिच्याबरोबर राहिलं.

आणि ती थांबलीही नाही. १९९२ मध्ये ब्रॉडवेवर 'ले मिझराब्ल'मध्ये एपोनीन केली, १९९७ मध्ये 'ब्यूटी अँड द बीस्ट'मधली बेल केली. २०२१ मध्ये, पन्नाशीत, 'द बॉडी रिमेंबर्स' हा नवा अल्बम काढला.

हे आपल्याशी का जोडावंसं वाटतं? आपल्या मंडळांच्या कार्यक्रमांत दर वर्षी एखादी चिमुरडी सुरेख गाते. टाळ्या पडतात, व्हिडिओ फिरतो, आईवडिलांची छाती फुगते. फुगू दे की! फक्त टाळ्या ओसरल्यावर तिच्या हातात काय उरेल, हेही बघावं. तिला एखादं वाद्य शिकवा. चार ओळी स्वतः लिहून, त्यांना मोडकीतोडकी का होईना, चाल लावू द्या. आणि कधी करारावर सही करायची वेळ आलीच, तर रचना कोणाच्या नावावर राहणार, हे वकिलाला आधी विचारा. पंधराव्या वर्षीचं यश म्हणजे पोरीच्या आयुष्याचा ताळेबंद नव्हे. तो काढायची घाई कंपनीला असते, आपल्याला नसावी.

तर मंडळी, आता ऐकू या त्याच अल्बममधलं 'फूलिश बीट'. ऐकताना लक्षात असू द्या, हे एका शाळकरी मुलीनं लिहिलंय. आणि आपल्या या छोट्याशा रेडिओनं ते वाजवलं, त्याचेही चार पैसे तिच्याच वाट्याचे. पुढच्या आठवड्यात भेटूच. नमस्कार!