किल्ला मोठा, माणूस लहान



दिवाळीत आपण सगळ्यांनीच किल्ले केले. बाजारातला चार इंची मावळा उभा केला, की किल्ला बुटका दिसायचा. यंदा चितेगावात मुलांसोबत देवगिरी करताना आधी हिशेब मांडला. डोंगर सुमारे 200 मीटर. शंभरास एक या प्रमाणात तो दोन मीटर झाला आणि सैनिक जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर! मावळ्याच्या मापाने डोंगर चार मजली लागला असता.

सैनिक तारेवर एम-सील चढवून केले. गोणपाटावर काळी माती लिंपून कडा तासला, झाडी लाकडाच्या भुशाची. कडा आणि खंदक पाहून मुलं म्हणाली, "काका, असा गड पडलाच कसा?" 1296 च्या अल्लाउद्दीन खिलजीच्या वेढ्यात धान्य समजून मिठाची पोती गडावर नेली गेली, अशी हकिकत सांगतात. म्हणून आम्ही कोठारात हरभऱ्याएवढी पोती ठेवली आहेत. तलवारींआधी ती शोधा.

मित्रहो, शाळेच्या भिंती भक्कम आहेत. ग्रंथालयाची कपाटं मात्र अर्धी रिकामी आहेत. ते कोठार आपण भरू या.