तिसऱ्याची ओढ

धाराशिव जिल्ह्यांतील तुळजापुरास आश्विन पौर्णिमेच्या यात्रेकरितां सोलापुराकडून असंख्य भाविक पायीं चालत येतात. बालाघाटाच्या डोंगरांवर त्या रात्रीं चंद्र केव्हां उगवेल आणि पौर्णिमा केव्हां संपेल, हें पंचांगानें कितीतरी आधीं सांगून ठेविलेलें असतें. वाटसरूला त्याचें नवल वाटत नाहीं. गणितज्ञाला मात्र वाटतें.

कारण, आकाशांत पृथ्वी आणि चंद्र एवढे दोघेच असते, तर चंद्र एकाच दीर्घवर्तुळांत सदोदित फिरत राहिला असता. परंतु तिसरा सूर्य त्या दोघांनाही ओढीत असतो. त्यामुळें चंद्राची कक्षा स्वतःच फिरते. तिच्या दीर्घ अक्षाचा एक फेरा सुमारें 8.85 वर्षांत पुरा होतो. न्यूटनच्या ग्रंथांतील गणितांत ही गति निम्मीच आली. क्लेरो या फ्रेंच गणितज्ञानें ती 1749 सालीं बरोबर जुळविली. येथें सूर्य फार दूर असल्यानें त्याचा परिणाम थोडाथोडा करून हिशेबांत धरतां येतो. तिन्ही पिंड तुल्यबल असून जवळजवळ आले, म्हणजे हा उपाय चालत नाहीं.

या त्रिपिंड-प्रश्नावरील निबंधाबद्दल आंरी प्वांकारे यांना 1889 सालीं स्वीडनचा राजा दुसरा ऑस्कर याचें पारितोषिक मिळालें. निबंध छापला जात असतां त्यांतील एक मोठा प्रमाद खुद्द प्वांकारे यांच्या ध्यानांत आला. त्यांनीं तो झांकून ठेविला नाहीं. छापलेल्या प्रती मागें घेण्यांत आल्या आणि नव्या छपाईचा खर्च त्यांनीं स्वतः सोसला. तो पारितोषिकाच्या रकमेहूनही अधिक होता! पण त्या प्रमादाच्या पोटींच खरा शोध दडलेला होता. आरंभींचा केसाएवढा फरक पुढें डोंगराएवढा होऊं शकतो; नियम अचूक असूनही भविष्य हातचें निसटतें.

या रानांतील वाटेच्या खुणा म्हणजे आवर्ती कक्षा. त्यांत ठराविक काळानें तिन्ही पिंड पहिल्याच स्थितींत परत येतात. लाग्रांजनें 1772 सालीं समभुज त्रिकोणाच्या कोनांवर राहणारे तीन पिंड दाखविले. 1993 सालीं मूर यांना इंग्रजी आठाच्या आकड्यावरून एकामागून एक धावणारे तीन समान पिंड सांपडले. त्याची सिद्धता शांसिने व माँटगोमेरी यांनीं 2000 सालीं दिली.

भारताचें आदित्य-एल1 यान 6 जानेवारी 2024 रोजीं सूर्य व पृथ्वी यांच्या ओढींतून सिद्ध होणाऱ्या अशाच एका कक्षेंत, पृथ्वीपासून सुमारें 15 लाख किलोमीटरांवर पोहोंचलें. त्यावरील अतिनील दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेनें घडविली. कक्षेचा फेरा सुमारें 178 दिवसांचा. परंतु ती धारेवर ठेविलेल्या गोटीसारखी अस्थिर. म्हणून पहिल्याच फेऱ्यांत 22 फेब्रुवारी व 7 जून रोजीं यानाला हलकासा धक्का देऊन मार्गावर ठेवावें लागलें.

ग्रहांना असा सांवरणारा हात नाहीं. लास्कार यांच्या गणिताप्रमाणें पृथ्वीच्या आजच्या स्थानांत 15 मीटरांची चूक राहिली, तर एक कोटि वर्षांनीं ती 150 मीटर होईल. दहा कोटि वर्षांनीं मात्र पंधरा कोटि किलोमीटर! तुळजापूरच्या वाटसरूचा चंद्र शतकानुशतकें वेळेवर उगवेल. पण तो भरंवसा अनंत काळाचा नव्हे, एवढें गणितानें प्रामाणिकपणें सांगून ठेविलें आहे.