व्ही-रॉड : एका मोटारसायकलीची आणि कारखान्याची कथा



यंत्राचा इतिहास अभियंत्यांपासून सुरू करावा आणि मालकांपाशी संपवावा, अशी वहिवाट आहे. आम्ही कामगार चळवळीतले. आमची शाळा कारखान्याच्या फाटकावर भरली. म्हणून अमेरिकेच्या हार्ले-डेव्हिडसन कंपनीच्या ‘व्ही-रॉड’ या मोटारसायकलीची कथा आम्ही फाटकापर्यंत नेणार आहोत.

हार्लेचे नेहमीचे इंजिन म्हणजे ४५ अंशांच्या कोनात मांडलेले दोन सिलिंडर, वाऱ्याने थंड होणारे. ऐसपैस बसून लांब सडकेने जाणाऱ्यास ते पुरे होते. पण यामाहाने १९८५ साली व्ही-मॅक्स काढली आणि ऐसपैस बैठकीला जबर वेगाची जोड देता येते, हे दाखवून दिले. १९९४ साली हार्लेने व्हीआर-१००० ही शर्यतीची गाडी उतरविली. त्या अनुभवावर, जर्मनीच्या पोर्शे कंपनीच्या साहाय्याने, नवे इंजिन सिद्ध झाले. कोन ६० अंशांचा, थंडावा पाण्याचा, आकार ११३० सी.सी., जोर सुमारे ११५ अश्वशक्तीचा. २००१ साली व्ही-रॉड आली. टाकी दिसते तेथे हवेची पेटी, आणि पेट्रोल बैठकीखाली! जुन्या भक्तांनी नाके मुरडली. तरी ती २०१७ पर्यंत निघत राहिली.

ती बनत असे मिसुरी राज्यातील कॅन्सस सिटीच्या कारखान्यात. १९९८ साली उघडलेल्या या कारखान्याच्या कारभारात कामगार संघटना व्यवस्थापनाच्या भागीदार होत्या. कामगारांना कारभार जमत नाही, असे म्हणणाऱ्यांना हे रोकडे उत्तर होते.

जानेवारी २०१८ मध्ये, विक्री घटल्याचे कारण देऊन, कंपनीने हा कारखाना मिटविण्याचे जाहीर केले. तेथील सुमारे ८०० जागा जाणार होत्या. पेनसिल्व्हेनियातील यॉर्क येथे सुमारे ४५० वाढणार होत्या. त्याच वर्षी थायलंडमध्ये कंपनीचा नवा कारखाना सुरू झाला. २०१९ साली कॅन्सस सिटीच्या फाटकाला कुलूप लागले.

खप घटला तर मालकाने काय करावे, असे आपण विचाराल. प्रश्न रास्त आहे. तोटा आम्हांलाही कळतो. परंतु गाडी कशी जोडावी हे ठरविताना जो भागीदार, तो कुलूप लावताना परका कसा? भागीदारी शब्दाला भुलू नका, बंधुभगिनींनो. तिची हद्द कोठे संपते, हे करारावर सही करण्यापूर्वी वाचून घ्या.