सालीखालचा संसार

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला काही तरी बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. येथे शिक्षिका आहेत, डॉक्टरीणबाई आहेत. त्यांच्यापुढे मी काय बोलणार? पण "तुम्ही अमेरिकेत पाहिलेली ती किड्याची हकीकत सांगा," असा त्यांनी आग्रहच धरला, म्हणून उभी राहिले आहे. चुकलेमाकले सांभाळून घ्यावे.

2017 साली धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी मी अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात चार महिने राहिले होते. आई थकलेली, तेव्हा जाणे मलाच भाग होते. बहिणीचे घर गावाबाहेर, आणि मागे शेजारच्या आजींचे पाइनचे रान. पाइन म्हणजे आपल्या हिमालयातल्या चीड वृक्षाच्या जातीचे, सुईसारख्या पानांचे उंच झाड. त्या भागात पुष्कळ कुटुंबे अशी झाडे लावतात आणि ती मोठी झाली की लाकूड विकतात. आपण अडीअडचणीसाठी पाटल्या करून ठेवतो, तशीच ती ठेव. आजींच्या यजमानांनी हे रान स्वतः लावलेले होते. ते वारल्यावर आजींना आधार काय तो तेवढाच.

त्या वर्षी मिसिसिपीच्या सरकारी जंगलांतही किडीने कहर केला होता. आजींच्या रानातल्या काही झाडांचे शेंडे पिवळे पडले, मग तांबूस झाले. खोडावर जागोजाग राळेचे गोळे दिसू लागले. लाह्या चिकटवाव्यात तसे. आजींनी वनखात्याच्या माणसाला बोलावले. त्याने कुऱ्हाडीने साल सोलली, तो आत नागमोडी वाटा कोरलेल्या! त्या वाटांतून त्याने एक काळपट भुंगेरा काढून तळहातावर ठेवला. तांदळाच्या दाण्याहूनही लहान! एवढ्याशा जिवाने एवढे झाड मारले, हे मला खरेच वाटेना. मी विचारीत गेले, तो सांगत गेला, आणि बहीण बाळाला मांडीवर घेऊन मला मराठीत समजावीत गेली.

या भुंगेऱ्याची मादी आधी साल पोखरते. झाड निरोगी असेल तर राळ सोडून तिला बाहेर लोटते किंवा आतच बुडवते. पण मादी एक वास सोडते, त्या वासावर हजारो भुंगेरे त्याच झाडावर येऊन पडतात. मग राळ पुरी पडत नाही. साल आतून पोखरली गेली की झाडाचा अन्नाचा मार्ग तुटतो आणि ते उभ्या उभ्या वाळते.

आता गंमत ऐका. सालीच्या आतला भाग म्हणजे अगदी निकस अन्न. त्यावर पिल्ले नीट पोसत नाहीत. म्हणून मादीच्या अंगात, डोक्यामागच्या भागात, एक नैसर्गिक पिशवी असते आणि तिच्यात ती बुरशी घेऊन हिंडते. घर कोरताना ती बुरशी आत लावते. बुरशी वाढली की पिल्लांना कस मिळतो. हे ऐकून मी चटकन बोलून गेले, "म्हणजे ती माहेरून विरजण घेऊन येते!" बहिणीने ते त्या माणसाला सांगितले. तो मनापासून हसला आणि म्हणाला, "अगदी बरोबर." भगिनींनो, सातवी शिकलेल्या बाईला त्या दिवशी फार बरे वाटले, हे खोटे कशाला सांगू?

मग त्याने माझ्या हातात भिंग दिले. भुंगेऱ्याच्या अंगावर मधाच्या रंगाचे बारीक ठिपके दिसले. "हे उतारू," तो म्हणाला. ते कोळी होते. जाळे विणणारा कोळी नव्हे. आपले शेतकरी मिरचीवरच्या ज्या किडीला पांढरा कोळी म्हणतात, तिच्याच कुळातले हे काही जीव. लांबी मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास. पंख नाहीत, म्हणून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जायचे तर भुंगेऱ्याच्या अंगाला धरून बसायचे. या भुंगेऱ्यांच्या सोबतीने राहणाऱ्या कोळ्यांच्या कितीतरी जाती आहेत. कोणी बुरशी खातात, कोणी सूत्रकृमी खातात, तर कोणी यजमानाचीच अंडी फस्त करतात.

त्यांतल्या एका घराण्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. जॉन मोझर नावाचे अमेरिकन वनखात्यातले शास्त्रज्ञ लुइझियाना राज्यात पाइनव्हिल येथे या कोळ्यांचा अभ्यास करीत. 1985 साली त्यांनी दाखवून दिले की, टार्सोनेमस या जातीच्या कोळ्यांच्या माद्यांनाही अंगावर लहानशी पिशवी असते आणि तीत त्या बुरशीचे बीज नेतात. आपण कनवटीला पैसा खोचून प्रवासाला निघतो, तसे. मात्र ही बुरशी भुंगेऱ्याची नव्हे, वेगळीच. तिच्यामुळे लाकडाला निळी छटा येते, म्हणून तिला निळी बुरशी म्हणतात. कोळ्यांचे हे आवडते अन्न. ती जेथे वाढते तेथे त्यांची प्रजा फोफावते.

पण एका भांड्यात दोन विरजणे लावली तर काय होईल? सालीखाली नेमके तेच होते. निळी बुरशी भराभर पसरते आणि भुंगेऱ्याच्या बुरशीची जागा बळकावते. मग पिल्लांना कस मिळत नाही. ती बिचारी अन्नासाठी लांबच लांब वाटा कोरीत जातात आणि पुष्कळशी वाटेतच मरतात. आई भुंगेऱ्याने ज्याला पाठीवर बसवून आणले, त्यानेच तिच्या लेकरांच्या तोंडचा घास काढला! अर्थात कोळ्याच्या मनात वैर नाही. तो आपल्या पोटाचे पाहतो, एवढेच.

एवढे ऐकल्यावर आजींनी एकच प्रश्न विचारला. "मग या कोळ्यांनी माझी झाडे का नाही वाचवली?"

तो माणूस थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने खरे ते सांगितले. कोळ्याचे काम सुरू होते तोवर झाडाचे मरण ठरून गेलेले असते. त्याच्यामुळे घटली तर भुंगेऱ्याची पुढची पिढी घटते. शिवाय निळ्या डागाचे लाकूड मजबुतीला फारसे कमी नसले तरी त्याला भाव कमीच येतो. तेव्हा कोळी हा झाडाचा रक्षक, असे समजून हातावर हात ठेवून बसणे चालणार नाही. खरा उपाय आधीचा. रान दाट झाले की वेळेवर विरळणी करायची, म्हणजे उरलेल्या झाडांना पाणी व ऊन पुरते आणि राळेची ताकद राहते.

आजींच्या डोळ्यांत पाणी आले. विरळणी करा, असे त्यांना पूर्वीच सांगण्यात आले होते. पण यजमानांच्या हातची झाडे त्यांच्याने तोडवली नव्हती. आता कीड लागलेली झाडे तर गेलीच, पण ती पुढे पसरू नये म्हणून भोवतालचा हिरव्या झाडांचा पट्टाही तोडावा लागला. करवती चालल्या ते दोन दिवस आजी आमच्याकडेच बसून होत्या. मी त्यांना वरणभात वाढला. आम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण त्याने काही अडले नाही. मी परत निघाले तेव्हा उरलेले अर्धेअधिक रान हिरवे होते.

घरी आल्यावर परसातल्या मिरचीची पाने आवळून खाली वळलेली दिसली. पूर्वी मी "दृष्ट लागली" म्हणून सोडून दिले असते. या खेपेला मुलाचे भिंग घेऊन पानाची खालची बाजू पाहिली. तेथे त्या पाइनवरच्या कोळ्याचे चुलत भाऊबंद बसलेले!

भगिनींनो, मी त्या रानातून दोन गोष्टी घेऊन आले. एक, आपल्याला दिसते त्या घराच्या आत आणखी कितीतरी संसार चाललेले असतात, आणि मोठ्याचे नशीब पुष्कळदा धाकट्याच्या कनवटीला असते. दुसरी, मायेपोटी आज टाळलेले काम उद्या दुप्पट होऊन पुढे येते. आजींनी निघताना माझा हात धरून तेवढेच सांगितले होते.