क्षांति म्हणजे मार सोसणे नव्हे
(पेण येथे उपासिकांपुढे केलेले भाषण)



नवऱ्याच्या माराचे वळ काही दिवसांत जातात. परंतु दाराची कडी वाजताच काळजात भरणारी धडकी वर्षानुवर्षे राहते. झोप उडते, हात कापतात. लोक तिला बाधा म्हणतात व भगताकडे नेतात. ती बाधा नव्हे, भयाची जखम होय. कोणी म्हणतात, ‘सोस, पूर्वजन्मीचे भोग आहेत.’ १९५६ साली नागपुरास आपल्या वाडवडिलांनी ज्या समजुती टाकल्या, त्यांतलीच ही एक.

पत्नीचा सन्मान करावा, अवमान करू नये, असे सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी पतीस बजावले आहे. मद्य न पिण्याची प्रतिज्ञा घेऊन जो पिऊन बायकोस मारतो, त्याची दीक्षा कसली?

१९४२ च्या नागपूर महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले की, पत्नीने पतीची मैत्रीण व्हावे, दासी नव्हे. २००५ च्या कायद्याने तिला राहत्या घराचा व संरक्षणाचा हक्क दिला. परंतु संरक्षण अधिकाऱ्यापर्यंत ती एकटी कशी जाणार? शेजारणीने सोबत जावे; विहारात तिची हकीकत विश्वासाने ऐकावी. धीर सोसण्याने नव्हे, सोबतीने वाढतो.

जय भीम!